गुरुजींचा ट्यूनर

मिरजेच्या पटवर्धन गुरुजींना एकाच सकाळी पाच घरच्या पूजा गाठायच्या असत. म्हणून आपल्या म्हाताऱ्या जीपचा पिकअप वाढवायला त्यांनी उदयशेठच्या दुकानातून ट्यूनर आणला. सोबतच्या पुस्तकात दोनच ओळी होत्या: 'योग्य वायरी योग्य जागी जोडाव्यात. अडल्यास जाणकारास विचारावे.' गुरुजी चारदा विचारायला गेले. शेठ मानही वर न करता म्हणायचे, "पुस्तकात सगळं आहे, गुरुजी."

पुढच्याच आठवड्यात शेठच्या नव्या शोरूमची पूजा निघाली. सोवळं नेसून शेठ पाहुण्यांसमोर पाटावर बसले. मुहूर्ताला दहा मिनिटं होती. गुरुजींनी त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली आणि स्वतः स्वस्थ बसले. चिठ्ठीत होतं: 'योग्य वस्तू योग्य जागी वाहाव्यात. अडल्यास जाणकारास विचारावे.'

पळी हातात धरून शेठ कावरेबावरे झाले. "अहो गुरुजी, इथले जाणकार तुम्हीच ना? सांगा की!"

"हेच मी चारदा तुमच्या दारात म्हणत होतो, शेठ," गुरुजी हसून म्हणाले आणि त्यांनी पूजा यथासांग सांगितली.

संध्याकाळी शेठ आपणहून जीपपाशी येऊन बसले.

"हं गुरुजी, पिवळी वायर उजव्या हातात घ्या. डावीकडच्या खाचेत बसवा. आता मम म्हणा."