शेवटच्या टेबलावरचा खर्ज

वसईकडच्या एका गावात एकदा एक वृद्ध बेसवादक राहत असे. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, जी गाण्याच्या तळाशी राहून साऱ्या गाण्याचा भार उचलते आणि जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. लोपीस मास्तरांनी ती उभ्या आयुष्यात लग्नांत वाजवली, सणांत वाजवली, हॉटेलांत वाजवली. आता बोटं सुजत, म्हणून ते वाजवण्यापेक्षा शिकवत जास्त, आणि शिकवण्यापेक्षा चिडवत जास्त.

त्यांचा निहार नावाचा एक शिष्य होता. मुलगा गुणी. ताल पक्का, बोट स्वच्छ. पण त्याच्या मनात एक शल्य घर करून बसलं होतं. लोक गाणारीकडे पाहतात, ड्रमवाल्याकडे पाहतात, आणि बेसवाल्याला कार्यक्रम संपल्यावर विचारतात, ‘तुम्ही नक्की काय वाजवत होतात?’ हा प्रश्न ज्याने एकदा ऐकला, त्याला रात्री झोप लागत नाही. निहारने तो अनेकदा ऐकला होता.

नाक्यावर म्हात्रेशेठचा छोटासा बार होता. तिथे शनिवारी संध्याकाळी निहार आणि त्याच्या मित्रांचा बँड गाणी म्हणे. पहिल्याच शनिवारी निहारला स्वतःचा बेस नीट ऐकू आला नाही. पुढच्या शनिवारी त्याने अ‍ॅम्पचा, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, आवाज वाढवला, तरी ऐकू येईना. मग ऑर्केस्ट्रातल्या एका ओळखीच्याकडून त्याने कपाटाएवढा अ‍ॅम्प मागून आणला. तो पायाशी ठेवून त्याने पहिली तार छेडली, तशा फडताळातल्या बाटल्या किणकिणू लागल्या. निहारला मात्र अजूनही वाटत होतं, हे काही खरं नाही, अजून थोडा हवा.

त्या संध्याकाळी दोन टेबलं लवकर उठून गेली. निहारला वाटलं, लोकांना गाण्याची जाण नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर वेनिसा त्याच्याजवळ आली. ती बँडची गायिका आणि निहारची शाळेपासूनची मैत्रीण. कडू बोलायचं काम तिच्यावर आलं होतं आणि ते तिला जमत नव्हतं.

“निहार, पुढच्या शनिवारी तू नाही आलास तर चालेल का रे? शेठ म्हणतात, बेस नको. नाहीतर बँडच नको.” मग ती खाली बघून म्हणाली, “आणि खरं सांगू? तुझ्या बेसवर आवाज चढवून माझा घसा बसलाय.”

निहार बेस खांद्याला अडकवून घरी आला. हा बँड म्हणजे त्याची सगळी मित्रमंडळी, आणि हा बार म्हणजे बँडला मिळालेली एकुलती एक जागा. त्याने रात्रभर विचार केला आणि दुखावलेला माणूस नेहमी काढतो तोच निष्कर्ष काढला: दोष यंत्राचा आहे. उसना अ‍ॅम्प भसाडा आहे, स्वतःचा घ्यायला हवा, याहून मोठा आणि याहून भारी. सकाळीच तो मास्तरांच्या दारात उभा राहिला.

“मास्तर, छोट्या बारसाठी कुठला अ‍ॅम्प घेऊ? तुम्हीच निवडून द्या.”

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. “ते कपाट आहे ना अजून तिथे? मग शुक्रवारी दुपारी बारमध्ये ये. देतो निवडून.”

शुक्रवारी मास्तर रिक्षातून उतरले ते खांद्यावर एका लांबलचक वायरचं वेटोळं घेऊन. चादरीत गुंडाळलेलं आणखी काहीतरी त्यांनी दाराशीच ठेवायला लावलं. बारमध्ये अजून गिऱ्हाईक नव्हतं. म्हात्रेशेठ गल्ल्यावर पेपर वाचत होते. त्यांनी बेस पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“वाजव,” मास्तर म्हणाले. निहार नेहमीच्या जागी, अ‍ॅम्पच्या पुढ्यात उभा राहून वाजवू लागला.

“ऐकू येतंय?”

“नीट नाही येत.”

“मग वाढव की.”

निहारने वाढवला. शेठचा पेपर थरथरला. “हं, आता ठीक आहे,” निहार म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या बेसची वायर काढून आपली लांब वायर जोडली. “आता त्या आवाजाला हात लावायचा नाही. वाजवत वाजवत चालायला लाग.”

म्हाताऱ्याची आता साठी बुद्धी नाठी झालीय, असं निहारच्या मनात येऊन गेलं. पण गुरूची आज्ञा. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा तो वायर ओढत टेबलांमधून चालू लागला. मास्तर काठी टेकत मागून आले आणि त्याला पार शेवटच्या टेबलावर, भिंतीला टेकून बसवलं. स्वतः समोर बसले.

निहार तेच सूर वाजवत होता. पण इथे ते सूर नव्हतेच. सगळ्यांचा मिळून काला झाला होता आणि तो भिंतीतून पाठीत शिरत होता. टेबल घुमत होतं. तेवढ्यात मास्तरांचे ओठ हलले.

“काय?” निहार ओरडला.

ओठ पुन्हा हलले. निहारला ओ की ठो कळेना. शेवटी त्याने तारांवर पंजा ठेवला. एकदम शांत झालं.

“काय म्हणालात मास्तर?”

“विचारत होतो, जेवलास का?”

निहार सकाळपासून जेवला नव्हता. हे त्या अख्ख्या आठवड्यात त्याला कुणी विचारलं नव्हतं. किंवा विचारलंही असेल, त्याला ऐकू गेलं नसेल. उठून गेलेली दोन टेबलं त्याला आठवली, वेनिसाचा बसलेला घसा आठवला. त्याला शरम वाटली, आणि डोळे भरून आले ते त्याने लपवलेही नाहीत.

मास्तरांनी त्याला मोकळेपणाने नाक पुसू दिलं. मग दाराशी ठेवलेली चादर सोडवली. आत त्यांचा जुना, लहान मुलाच्या शाळेच्या पेटीएवढा अ‍ॅम्प होता. तो त्यांनी जमिनीवर न ठेवता एका खुर्चीवर ठेवला, पुढून खाली टॉवेलची घडी सरकवून त्याचं तोंड थोडं वर केलं, आणि लोकांकडे नव्हे, तर निहारच्या कानाकडे वळवलं.

“मास्तर, लोकांकडे नको?”

“तू वाजव तर.”

निहारने एक सूर काढला. तो थेट कानात आला, गोल आणि स्पष्ट. त्याने एक तान घेतली. प्रत्येक बोट वेगळं ऐकू आलं. आणि मग कुणीही न सांगता त्याचा हात बटणाकडे गेला आणि त्याने आवाज कमी केला. मास्तर हसले.

“बाळा, तुझा अ‍ॅम्प भसाडा नव्हता. मोठ्या मैदानात तो हवाच. पण इथे तो तुझ्या पोटऱ्यांना गाणं ऐकवत होता. पोटऱ्यांना कान असते तर प्रश्नच नव्हता. खर्जाचा स्वभाव असा, की तो वाजवणाऱ्याच्या जवळून निघून जातो आणि लांबच्या भिंतीशी जाऊन साचतो. तुला ऐकू येत नव्हतं, म्हणून तू त्यांना ऐकवत सुटलास. त्यात तुझं वाईट मन नव्हतं रे. आपण सगळेच असं करतो. आधी स्वतःचं स्वतःला नीट ऐकू येऊ दे. मग माणसाला चढ्या आवाजात बोलावंसंच वाटत नाही.”

मग ते गल्ल्याकडे वळले. “शेठ, उद्या एक गाणं ऐका. नाही आवडलं तर मला हाकला, पोराला नको.”

म्हात्रेशेठनी पेपरामागून हुंकार दिला. तो होकारच समजायचा असं मास्तरांनी ठरवून टाकलं.

शनिवारी पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं, शेठ जागचे हलले नाहीत. तिसऱ्याला त्यांचा अंगठा गल्ल्यावर ठेका धरू लागला. वेनिसा त्या दिवशी हलकेच गायली. शब्द अन् शब्द कळत होता, आणि त्या शब्दांखालून निहारचा बेस चालला होता. त्याच्याकडे कुणीही पाहिलं नाही. मध्यंतरात शेठ एवढंच म्हणाले, “पुढच्या शनिवारी जरा लवकर सुरू करा.”

निघताना एक जाडजूड गृहस्थ स्टेजपाशी थबकले आणि वेनिसाला म्हणाले, “मागचा तो बेसवाला काढलात, फार बरं केलंत हो. काय बडवायचा! हा पोरगा चांगला आहे, याला सोडू नका.”

वेनिसाने ओठ दाबून निहारकडे पाहिलं.

“सांगतो त्याला,” निहार अदबीने म्हणाला. आणि आपल्याला जराही वाईट वाटलं नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.