शेवटचं शेत

इतक्या जुन्या काळची ही गोष्ट, की तेव्हा राजा कोण होता हेही आता कुणाला सांगता येत नाही.

काळ्या मातीचं एक गाव होतं. तिथं घरागणिक ज्वारीचं वाण वेगळं. कुणाची गूळभेंडी, हुरड्याला गोड. कुणाची दगडी, दाण्याला टणक. जो तो म्हणणार, "आमच्यासारखं वाण नाही!"

पण मुलांनो, एक माशी होती. ती कोवळ्या रोपावर अंडी घालायची. अळी रोपाचा आतला कोवळा कोंब, म्हणजे पोंगा, खायची आणि रोप वाळायचं. सगळ्यांत उशिरा पेरलेल्या शेतावर ही माशी तुटून पडते, हे गावाला पक्कं ठाऊक. म्हणून पावसाळ्यात जमीन पेरण्याजोगी झाली, वाफसा आला रे आला, की पेरणीला ही झुंबड! आपण शेवटचे नसलो म्हणजे झालं.

एका वर्षी सगुणा नावाच्या बाईच्या नवऱ्याचा पाय मोडला. ती शेजारच्या रायाजीकडे गेली. "दादा, एक दिवस आमची पेरणीची पाभर धराल का? लेकरांची भाकरी याच शेतावर आहे."

"आमचं उरकू दे, मग बघू," रायाजी म्हणाला. वाईट नव्हता हो माणूस, भित्रा होता.

सगुणाची पेरणी शेवटी झाली. व्हायचं तेच झालं. शेत वाळू लागलं. किडकी रोपं उपटून जाळायला हवी होती. पण एकटी बाई किती उपटणार? लोक बांधावरून "अरेरे" म्हणायचे आणि घरी जायचे.

तिच्या शेतात माशी पोसली, वाढली. रब्बीची ज्वारी उगवली, तेव्हा ही माशी गावभर पसरली. आधीची पेरणी, उशिराची पेरणी, गूळभेंडी, दगडी, तिनं काही म्हणता काही सोडलं नाही. रायाजी बांधावर डोक्याला हात लावून बसला.

इतक्यात सगुणा आली. तिच्याकडे तर पेरायला बीसुद्धा उरलं नव्हतं. पदर खोचत ती म्हणाली, "उठा दादा. किडकी रोपं उपटू या. मला एकटीला जमलं नाही, पण आता आपण दोघं आहोत."

रायाजीला रडूच कोसळलं. "बाई गं, तेव्हा मी आलो असतो तर!"

त्या दोघांना रोपं उपटताना पाहून मग सारं गाव शेतात उतरलं. निम्मं पीक वाचलं. त्यातला पहिला वाटा सगुणाच्या घरी गेला. पुढं त्या गावात सगळ्यांत अडलेल्या घराची पाभर आधी जुंपू लागले.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या शेतावर ढकललेलं संकट आपल्या बांधाशी थांबत नसतं.