हसरं अस्वल

महामार्गालगतच्या मौजनगरी या करमणूक-बागेच्या फाटकात एक हसरं अस्वल उभं असे, आणि अस्वलाच्या आत लहानू गावित घामाने निथळत असे. वैशाखात त्याच्याशी आळीपाळीने काम करणारा जोडीदार त्याच वेषात भोवळ येऊन पडला तो उठलाच नाही. तेव्हा पाळणेवाल्यांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे पगारवाढ आणि घोटभर पाण्याची सुट्टी मागत संपावर बसले.

लहानूने अस्वलाचं मुंडकं फाटकात आणून ठेवलं. मालक भवरशेठ त्यावर थाप मारून पत्रकारांना म्हणाले, "त्रास कसला? बघा, कसं हसतंय!"

"मग घाला की, शेठ," लहानू म्हणाला.

कॅमेरे रोखलेले पाहून शेठनी ऐटीत मुंडकं चढवलं. लहानूने मागचा पट्टा आवळला. तो आतल्या माणसाला स्वतः सोडता येत नाही. थोड्याच वेळात आतून ओरडा आला, "काढ रे, जीव गुदमरतोय!"

लहानू हाताची घडी घालून म्हणाला, "त्रास कसला, शेठ? तुम्ही तर हसताय!"

सगळे खदाखदा हसले. मग लहानूनेच पट्टा सोडला.

दुसऱ्या दिवशी संपवाल्यांना हाकलून शेठनी नवी माणसं भरली. लहानूने रस्त्यावरूनच वळून फाटकातल्या अस्वलाकडे पाहिलं. आत कोण होतं कुणास ठाऊक. अस्वल हसत होतं.