अर्ध्या दाढीचा राजा

करंडक नगरात चंडकेतू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथे अमात्य होते. त्यांचे नाव पूर्णमित्र. ते म्हातारे होते, एकटे होते आणि कमी बोलत. राजा रोज त्यांचा सल्ला विचारी आणि रोज त्याच्या उलट वागे. त्यामुळे राज्यकारभारात एक प्रकारची नियमितता आली होती.

चंडकेतूला भीतीचा आजार होता. राजवाड्याभोवती त्याने एक तट बांधला. मग तो तट कोणी चढून आले तर, म्हणून बाहेरून दुसरा सुरू केला. दुसऱ्या तटाच्या वेळी विटा संपल्या, तेव्हा त्याने आज्ञा काढली की प्रत्येक घराने आपली मागची भिंत राजाला द्यावी. पुढची भिंत असली की घराची अब्रू राहते, असे त्याचे म्हणणे होते. शिपाई आले आणि भिंती घेऊन गेले. तेव्हापासून करंडकातले लोक पुढच्या दाराला कडी लावून झोपत आणि मागून शेळ्या स्वयंपाकघरात येत. ज्याने हळू कुरकुर केली त्याला तटाच्या कामावर धाडले जाई. ज्याने मोठ्याने केली तो पुन्हा दिसत नसे.

राजाची दाढी नंदिय नावाचा न्हावी करीत असे. करंडकातल्या न्हाव्यांना हात चालू झाला की तोंड चालवायची सवय होती. तोंड बंद ठेवले तर वस्तरा अडखळतो, असे ते म्हणत. एके सकाळी राजाची हनुवटी वर करून, वस्तरा गळ्यावर टेकवून नंदिय सहज म्हणाला, "महाराज, आमची मागची भिंत तुमच्याकडे आहे. परत मिळाली तर बरं होईल. आईला वारा बाधतो."

राजा काही बोलला नाही. वस्तरा होता तिथे असताना बोलणे शक्यही नव्हते. दाढी पुरी होऊन वस्तरा धोकटीत गेला, तेव्हा तो ओरडला, "धरा याला! गळ्यावर शस्त्र आणि तोंडात मागणी! याला सशस्त्र बंड नाही तर काय म्हणायचं?"

नंदियाला तुरुंगात टाकले. येत्या पौर्णिमेला त्याला हत्तीच्या पायी द्यायचे ठरले.

नंदियाचा धाकटा भाऊ भद्रक स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने तेल्याच्या अंगणात लोकांना गोळा केले. कोणी विळे आणले, कोणी मुसळे आणली. लोहाराने भाले घडवले होते. तटावरच्या शिपायाला खालून टोचता यावे अशा बेताने त्याने ते लांब केले होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. सगळे रांग धरून गल्लीत निघाले. पहिल्या वळणावर पहिला माणूस वळला, पण त्याचा भाला वळला नाही.

"मागे सरा!" पुढून आवाज आला.

"मागे कोष्टी आहेत. त्यांना सांगा."

"कोष्टी तेल्यांच्या सांगण्यावरून मागे सरत नसतात."

"अरे, मग काय भाला खांद्यावर घेऊन इथेच म्हातारा होऊ?"

शेवटी भद्रकालाच सुचले. तो म्हणाला, "आमच्या घरातून वळा. मागची भिंत नाहीच आहे." अशा रीतीने करंडकातले पहिले नागरिक सैन्य पुढच्या दाराने शिरून भद्रकाच्या आईच्या स्वयंपाकघरातून कूच करू लागले. त्याची आई कुरंगी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पाय पुसा मेल्यांनो. राजाला पाडा, पण माझी उतरंड पाडू नका."

तिची विचारपूस करायला आलेले पूर्णमित्र पाटावर बसले होते. त्यांना पाहून भद्रक थांबला. त्याच्यामागे सगळे सैन्य थांबले, काही आत, काही दारात.

"अमात्य, शस्त्रागाराची किल्ली तुमच्या कमरेला असते," भद्रक म्हणाला. "ती द्या. नाहीतर..." आणि त्याने भाला त्यांच्यावर रोखला. पण भाल्याचे टोक केव्हाच त्यांच्या पुढे जाऊन परसात पोचले होते.

"बस," पूर्णमित्र म्हणाले. "पेज घे."

"लोकांनी हत्यार उचलून राजा हरत नाही, हेच सांगायला आलात ना?"

"नाही. हरतो. मी पाहिलंय."

भद्रक बसला.

"तू तेव्हा पाळण्यात होतास," पूर्णमित्र म्हणाले. "तेव्हाचा राजा याच्याहून वाईट होता. लोक कुऱ्हाडी घेऊन गेले आणि राजवाड्याचा दरवाजा फुटला. सगळ्यांत मोठी कुऱ्हाड एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे होती. लोकांनी त्यालाच उचलून सिंहासनावर बसवलं."

"कोण तो?"

"तुझा भाऊ ज्याची दाढी करतो, तो."

दारातला म्हातारा तेली खाकरला. "तेव्हा चांगला होता हो तो," तो म्हणाला. "मी त्याचा एक पाय धरून उचलला होता."

"चांगलाच होता," पूर्णमित्र म्हणाले. "पण दरवाजा फुटतो हे त्याला ठाऊक आहे. आधीच्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो निवांत झोपायचा. हा झोपत नाही, तट बांधतो." मग थोडे थांबून ते म्हणाले, "माझा मुलगा त्या दिवशी सगळ्यांत पुढे होता. तो उंबऱ्यावर पडला. चंडकेतू त्याच्या अंगावरून आत गेला. त्यात त्याचा दोष नाही. मागून गर्दी होती."

कुरंगीने पेजेचे भांडे त्यांच्यापुढे ठेवले आणि भद्रकाकडे वळून म्हणाली, "मला दोन मुलगे आहेत. एकाला सोडवायला दुसऱ्याला उंबऱ्यावर पाठवू? राजा कोण असावा ते तुम्ही पुरुष ठरवा. मला नंदिय घरी हवा आहे. एवढंच."

"मग हात जोडून बसायचं का?" भद्रकाने विचारले.

"तेही बरोबर नाही," पूर्णमित्र म्हणाले. "काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही."

भाल्यांची बातमी राजाला लगेच कळली, कारण ते घरांच्या छपरांवरून दिसत होते. राजाने आज्ञा काढली की शिपायांच्या हत्यारांखेरीज नगरात धार असलेली एकही वस्तू शस्त्रागाराबाहेर राहता कामा नये. सेनापती काकवर्ण हा आज्ञेतला शब्द न् शब्द पाळणारा माणूस होता. त्याने भाले नेले, विळे नेले, विळ्या नेल्या, अडकित्ते नेले. सुईणीची सुरी नेली. न्हाव्यांच्या धोकट्या रिकाम्या केल्या. मग तो राजवाड्यात आला आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या गोळा करू लागला.

"अरे, हे काय?" राजाने विचारले.

"महाराज, राजवाडा नगरातच आहे."

राजाने क्षणभर विचार केला. मग त्याला आचाऱ्याचे सुरी चालवणारे हात आठवले आणि तो म्हणाला, "बरोबर आहे. ने."

त्या दिवसापासून राजाच्या ताटात अख्खा भोपळा उकडून येऊ लागला. वांगी देठासकट आली. फणस आला तेव्हा राजा आणि फणस बराच वेळ एकमेकांकडे पाहत बसले. आणि राजाची दाढी वाढू लागली.

करंडकात अशी प्रथा होती की दाढी वाढलेला माणूस सुतकात आहे असे समजावे आणि सुतकातल्या राजाने कोणाला देहदंड देऊ नये. प्रथा इतकी जुनी होती की आजवर तिची कोणाला गरज पडली नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी मैदानात हत्ती सजवून आणला. बेड्या घातलेला नंदिय त्याच्या शेजारी उभा होता. लोक जमले होते. कुरंगी सगळ्यांच्या पुढे होती. राजा येऊन बसला आणि त्याने हात वर केला, तेव्हा पूर्णमित्र म्हणाले, "महाराज, सुतकात देहदंड देता येत नाही."

"सुतक? कोण गेलंय?"

"कोणी गेलेलं दिसत नाही. पण प्रथा दाढीकडे बघते."

राजाने दाढीला हात लावला. लोकांकडे पाहिले. ही प्रथा मोडली तर उद्या लोक राजाला वंदन करायची प्रथाही मोडतील, हे त्याच्या ध्यानात आले. "मग करा दाढी!" तो म्हणाला. "दुसरा न्हावी नाही का नगरात?"

न्हाव्यांचा मुखिया पुढे आला. तो वाकून म्हणाला, "आहेत की महाराज, पुष्कळ आहेत. वस्तरा द्या, आत्ता करतो. फक्त एक सांगून ठेवतो. हाताची हमी देतो, तोंडाची देता येत नाही. आणि मागच्या भिंती आमच्याही..."

राजाने दोन्ही हातांनी गळा झाकून घेतला. "दूर व्हा!"

मग सेनापती काकवर्णाने तलवार काढली आणि पुढे होऊन म्हणाला, "मी करतो, महाराज." पण शांत बसलेल्या माणसावर तलवार चालवायची त्याला सवय नव्हती. पहिल्याच फटक्यात राजाच्या कानाची पाळी रक्ताळली आणि राजाची किंकाळी ऐकून हत्ती दोन पावले मागे सरला.

"पूर्णमित्र, तुम्ही करा," राजा कण्हत म्हणाला. "एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नाहीत."

पूर्णमित्रांनी शस्त्रागार उघडून एक वस्तरा आणला. राजाच्या गालांना रिठ्याचा फेस लावला आणि उजवी बाजू सावकाश, नीट केली. मग हनुवटी वर करून वस्तरा गळ्यावर ठेवला. एवढ्या जवळून राजाने त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याला काहीतरी आठवले.

"पूर्णमित्र," तो ओठ न हलवता म्हणाला, "त्या दिवशी... उंबऱ्यावर... तो तुमचा..."

"हो. हनुवटी वर करा."

गर्दीतून भद्रक ओरडला, "अमात्य! आत्ताच!"

बोधिसत्त्वांचा हात थांबला. त्यांच्या मुलाला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. त्याची पहिली दाढी व्हायची राहिली होती. ते त्यांना आठवले. ती आठवण होती तिथेच राहू देऊन त्यांनी वस्तरा गळ्यावरून उचलला आणि पुसला.

"का थांबलात?" राजाने विचारले. त्याचा आवाज फार बारीक झाला होता.

"विचार करत होतो. आत्ता हात दाबला तर हे लोक मला उचलून तुमच्या जागी बसवतील. तेली एक पाय धरेलच. मग मला न्हावी शोधावा लागेल, आणि त्याची भीती वाटू लागेल. मला तट बांधता येत नाही, महाराज."

राजा हसला. त्याला स्वतःलाच ते अनपेक्षित होते, त्यामुळे फेस तोंडात गेला. रिठा कडू असतो. तो थुंकत, खोकत, पुन्हा हसत राहिला. राजाला हसताना न पाहिलेली पुढची मंडळी घाबरून मागे सरली.

"बरं, आता पुरी करा," तो म्हणाला.

"पुढचं माझं काम नाही. उरलेली नंदिय करेल."

"तो मला मारील!"

"त्याला मारायचंच असतं, तर त्या दिवशी तो भिंत मागत बसला नसता. ज्याच्या मनात मारायचं असतं तो आधी विनंती करत नाही."

राजाने विचार केला. मग हळूच विचारले, "त्याने दाढी पुरी केली की सुतक संपेल. मग मला त्याला हत्तीच्या पायी देता येईल ना?"

"येईल," पूर्णमित्र म्हणाले. "त्यालाही ते ठाऊक आहे."

नंदियाच्या बेड्या काढल्या. त्याने वस्तरा घेतला, अंगठ्यावर धार पाहिली आणि तोंड वाकडे केले. "कोणी ठेवलाय हा असा? गंज चढायचा याला," तो म्हणाला आणि कामाला लागला. एकदा सुरू झाल्यावर तो थांबणारा नव्हता. तुरुंगातल्या भाताबद्दल तो बोलला, ढेकणांबद्दल बोलला, तुरुंगाच्या खिडकीतून दुसऱ्या तटात आपल्या घराच्या विटा कशा ओळखू आल्या तेही त्याने सांगितले. राजा डोळे मिटून बसला होता. डावा गाल झाला. गळा झाला.

एवढ्यात कुरंगी ओरडली, "नंदिया! कानामागे थोडं राहू दे रे! थोडंच!"

तिला काय म्हणायचे आहे ते सगळ्या मैदानाला कळले. कानामागे चार केस राहिले तरी सुतक राहणार होते, आणि सुतक राहिले तर मुलगा राहणार होता. लोहार ओरडला, "राहू दे!" सगळे कोष्टी ओरडले, "राहू दे!" भद्रक रडत होता.

नंदियाने आईकडे पाहिले. "आई, अर्धवट काम करायला तूच शिकवलं नाहीस," तो म्हणाला. त्याने राजाचा कान दोन बोटांनी पुढे वाकवला, मागची जागा साफ केली, गाल पुसला आणि वस्तरा मिटून राजाच्या हातात दिला.

कुरंगी खाली बसली.

"हत्ती तयार आहे, महाराज," सेनापती म्हणाला.

चंडकेतूने गळ्यावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. पहिला तट बांधला त्याच्या आधीपासून त्याचा गळा इतका निवांत नव्हता. हातातला वस्तरा तो पाहत राहिला.

"तयार आहे ना?" तो म्हणाला. "मग त्याला दुसऱ्या तटाकडे ने. त्याच्यावर विटा लाद. आधी या बाईची भिंत. आणि हे बघ काकवर्णा, विटा तू स्वतः उतरव."

दुसरा तट हळूहळू नाहीसा झाला आणि घरांना मागच्या भिंती आल्या. शेळ्यांना ते आवडले नाही. विळ्या परत वाटताना बायकांची इतकी भांडणे झाली की त्यापुढे बंड काहीच नव्हते. भद्रकाने एक भाला ठेवून घेतला. राजाला ते ठाऊक होते. त्याने तो मागितला नाही. नंदिय रोज राजाची दाढी करी आणि करता करता नगरातल्या तक्रारी सांगे. काही राजाला पटत, काहींवर तो चिडे, पण दाढी पुरी होईपर्यंत त्याला ऐकून घ्यावे लागे.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्माची या जन्माशी ओळख पटवून दिली. त्या वेळचा सेनापती काकवर्ण म्हणजे देवदत्त. नंदिय म्हणजे आनंद. कुरंगी म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी उत्पलवर्णा थेरी. जुलमी राजापुढे हत्यार उचलावे की नाही, असे ज्या तरुण भिक्षूने आज विहारात विचारले, तो तेव्हा भद्रक होता. दिवसाही कुटीचे दार आतून लावून घेणारा म्हातारा भिक्षू तेव्हा चंडकेतू होता. त्याने ते ऐकले आणि तो जरा सावरून बसला. "आणि अमात्य पूर्णमित्र मी होतो," शास्ते म्हणाले.

मग शास्ते त्या तरुणाला म्हणाले, "दरवाजा फोडता येतो. पण आतल्या माणसाची भीती फुटत नाही, ती काढावी लागते. नाहीतर ती पुढच्या माणसाच्या अंगात शिरते. ज्याने आपल्याला दुःख दिले त्याला निर्भय करणे फार जड जाते. मलाही जड गेले होते. त्या दानाला अभयदान म्हणतात."