बांगड्यांपुरता आवाज

"वाचा जन्मते कुठं, बाबा?"

दाजीबाने विचारलं आणि स्वतःच दचकला. आवाज त्याचाच होता, पण गंजलेली कडी सरकावी तसा करकरत बाहेर आला होता.

सावळनाथबाबा मठाच्या ओट्यावर बसून सुपात हुलगे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला ठाऊक असल्याशिवाय तू विचारायचा नाहीस. तूच सांग."

दाजीबा याचीच वाट बघत होता. तो सरसावून बसला.

"परा बेंबीशी. पश्यंती काळजाशी. मध्यमा गळ्याशी. आणि वैखरी जिभेवर. चार मुक्काम करत वाणी वर चढते."

"वाट तर पाठ आहे तुला," बाबा म्हणाले. "मग ह्या पोरीची कुठल्या मुक्कामाला अडकली?"

...

पोर म्हणजे धोंडी. तिसरं सरून चौथं लागलेलं. ती आईच्या पाठीमागे दडून बसली होती. बाप बोलला की ती आईचा पदर डोक्यावरून ओढून घेत होती. बापाचा आवाज तिने जन्मात पहिल्यांदा आज सकाळी ऐकला होता, आणि तिला तो आवडला नव्हता.

गोजराने मागे हात नेऊन लेकीच्या पाठीवर ठेवला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. काढायची सवयच राहिली नव्हती.

आता हे घर असं मुकं का झालं, ते सांगायला हवं. धोंडीच्या आधी गोजराची दोन लेकरं गेली होती. पहिलं बारशाआधी, दुसरं रांगता रांगता. दुसरं गेलं तेव्हा दाजीबा रडत ह्याच मठात आला होता. त्या दिवशी बाबांचं प्रवचन चालू होतं. बाबा बोलून गेले, "ज्याने वाणी जिंकली, त्याच्या दारात काळसुद्धा थबकतो."

झालं. दाजीबाने ते वाक्य गाठीला बांधलं.

धोंडी पोटात असतानाच तो बायकोला घेऊन गावाबाहेरच्या मळ्यातल्या घरात राहायला गेला. पोर जन्मली तसं त्याने मौन धरलं, आणि त्याआधी गोजराच्या गळ्यात हात घालून विनवलं, की लेकरासमोर तूही बोलू नकोस. घरात चिडीचूप ठेवायचं. इथं लेकरू आहे, हे काळाच्या कानावर जायलाच नको. नाव तेवढं धोंडी ठेवलं. दगडाला कोण न्यायला येतंय! पण त्या नावानेही तिला कुणी हाक मारली नाही.

मग पाळण्याची घुंगरं गेली. गोजराची जोडवी गेली. कुत्रं होतं, ते भावकीत देऊन टाकलं. अंगाई नाही, चिऊकाऊचा घास नाही, "आता गं बया!" नाही. गोजराला फारच दाटून आलं की ती गोठ्यात जाई आणि गाईच्या कानात बोलून येई.

सगळं गेलं. राहिल्या तेवढ्या बांगड्या. नवरा जिता असताना सवाष्णीने मोकळ्या हातांनी वावरायचं कसं? दाजीबा चारदा त्या मनगटांकडे बघून गेला होता, पण उतरव म्हणायची छाती त्याला झाली नाही.

आणि पोर जगली, बरं का. गुटगुटीत झाली. गोवर आला नि गेला. दातही वेळेवर आले.

फक्त बोलली नाही.

...

"अडकलेली नाही, बाबा," दाजीबा म्हणाला. "साठलीय."

"साठलीय?"

"आपण बोलतो ते सगळे उष्टे शब्द. ह्याच्या तोंडातून त्याच्या तोंडात गेलेले. हिला त्यांचा विटाळच झालेला नाही. आज व्रत पुरं झालं. आता हिचं तोंड उघडेल तेव्हा मूळची वाणी येईल. माणसाने शिकवलेली नव्हे. देवाने आत ठेवलेली."

त्याचे डोळे चमकत होते. उद्यापनाला म्हणून तो सोवळं नेसून आला होता, कपाळी गंध होतं. गोजराने त्याच्याकडे बघितलं. हे तिला आजच कळत होतं. तिला वाटायचं, नवरा भ्यालाय म्हणून गप्प आहे. तिच्यासारखाच. भ्यालेल्या माणसाशी संसार करता येतो. पण हा तर कशाची तरी वाट बघत होता.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. शेजारची पितळी ताटली उचलली आणि फरशीवर टाकली.

खणखणाट झाला. धोंडी ताडकन उडाली आणि बरोबर ताटलीकडे बघू लागली.

"कान शाबूत आहेत," बाबा म्हणाले. "जीभ?"

गोजराने लेकीचं तोंड उघडून दाखवलं. गुलाबी, चपळ जीभ. बाबांनी आपली जीभ बाहेर काढून दाखवली. पोरीनेही काढली. बाबा हसले. आज पहिल्यांदाच हसले, आणि लगेच थांबलेही.

"विहिरीवर काय वाजतंय, दाजीबा?"

दाजीबाने कान दिला. "रहाट. कर्रर्र... कीं... कीं. कुणीतरी पाणी काढतंय."

"जाऊन बघ."

तो गेला, परत आला. "कुणीच नाही! कठड्यावर एक दयाळ पक्षी बसलाय. तोच ओरडतोय!"

"ओरडत नाही. गातोय. त्याच्या परीने गाणंच आहे ते."

बाबांनी विहिरीकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "दुष्काळाच्या साली घरट्यातून पडला. डोळेही उघडले नव्हते. मांजराच्या भीतीने पिंजरा झाकून विहिरीवरच्या छपरात ठेवला. किडे भरवले, जगवला. त्या साली ह्या टेकडीवर दुसरा दयाळ फिरकला नाही. त्याच्या कानावर पडला तो रहाट. मोठा झाल्यावर सोडून दिला. पिसं आईबापाची, गळा आईबापाचा... गाणं रहाटाचं."

"मग पुढं?"

"दर चैत्रात गातो. एखादी मादी येते, ऐकते, उडून जाते."

"पण आता रानात दुसरे दयाळ असतील की. त्यांचं ऐकून..."

"ऐकतो रोज."

"शिकला नाही?"

बाबांनी नुसती मान हलवली.

गोजराने लेकीला मागून पुढे ओढलं आणि मांडीवर घट्ट धरलं. इतकी घट्ट, की पोर कळवळून सुटायला बघू लागली.

"पाखराचं सोडा हो," दाजीबा हट्टाने म्हणाला. "माणसाचं वेगळं असतं."

"असेलही. बापाने मौनव्रत घेतल्याचं मी पाखरांत तरी बघितलं नाही."

दाजीबाचा चेहरा लाल झाला. "तुम्हीच सांगितलंत! ह्याच ओट्यावर. वाणी जिंकावी म्हणून!"

"सांगितलं ना."

"मग?"

"बोलून सांगितलं, दाजीबा."

...

उद्यापनाची टोपली मध्ये पडली होती. नारळ, पेढे, पेरू.

बाबांनी एक पेरू उचलला, कचकन चावा घेतला, चावला, गिळला. मग तोच पेरू दाजीबापुढे धरला.

"खा."

दाजीबाने हात पुढे केला आणि आखडला. "बाबा, सोवळ्यात आहे मी. शिवाय... उष्टा आहे."

बाबांचा हात तसाच पुढे राहिला.

एवढ्यात धोंडी आईच्या मांडीवरून निसटली. सरळ चालत गेली, बाबांच्या हातातला पेरू घेतला आणि बाबांनी चावला होता तिथेच दात लावले.

"अगं, अगं!" दाजीबा ओरडला.

ती दचकली, पण पेरू सोडला नाही. फडशा पाडला. मग रिकामा हात वर करून आईकडे बघत मनगट हलवलं. कासाराने हौसेने भरलेल्या दोन चिमुकल्या काचेच्या बांगड्या होत्या तिच्या हातात. त्या वाजल्या. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

गोजराचा हात आपसूक टोपलीत गेला. तिने दुसरा पेरू काढून लेकीला दिला.

दाजीबाच्या ते लक्षातही आलं नाही. तो सोवळं सावरत होता.

बाबांच्या लक्षात आलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आत्ता काय झालं?"

गोजराने मान खाली घातली.

"तिने काय मागितलं आणि तू काय दिलंस? पुन्हा कर बघू. पाणी म्हण तिला."

गोजराने नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता, काहीच न समजून. तिने मनगट मांडीवर घासलं. बांगड्या किणकिणल्या नाहीत, नुसत्या खसखसल्या. धोंडीने लगेच मान वळवून कोपऱ्यातल्या घागरीकडे बघितलं, मग आईकडे बघून डोकं हलवलं. नको.

"हे... हे काय?" दाजीबा म्हणाला. "माझ्या पाठीमागे? तू व्रत मोडलंस?"

"कुठं मोडलं?" बाबा म्हणाले. "तोंड उघडलंय का तिने?"

"पण किती दिवस हे..."

गोजराने जमिनीपासून वीतभर उंचीवर हात धरला. पोर रांगायला लागल्यापासून. मुद्दाम काही केलं नव्हतं तिने. भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या, पोर रांगत यायची. एकदा वाजल्या तर ये, दोनदा तर अजून. कुठलं आईने काढलं आणि कुठलं लेकीने, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

बाबा पुढे झुकले. त्यांनी दाजीबाकडे बोट केलं.

"हा कोण, विचार तिला."

गोजरा हलली नाही.

"विचार."

तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले, नवऱ्याकडे बघितलं आणि हाताचा पंजा उताणा करून लेकीपुढे फिरवला.

धोंडीने बापाकडे बघितलं. तोंडातला घास गिळला. मग आपला तळहात उचलून ओठांवर दाबून धरला. घट्ट. रोज संध्याकाळी बैल घेऊन बाप दारात आला की आई धरायची तसाच.

दाजीबाला कुणी उलगडून सांगावं लागलं नाही.

बराच वेळ तो त्या चिमुकल्या तळव्याकडे बघत राहिला. मग त्याने सोवळ्याच्या सोग्याने तोंड पुसलं. कपाळाचं गंध फिसकटलं.

"धोंडे," त्याने हाक मारली. "ये. इकडं ये, बाळ."

ती आईच्या पाठीमागे गेली.

"बाबा, उशीर झाला का?"

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. हुलगे पुढे-मागे करू लागले. एक खडा सापडला, तो फेकला. दुसरा सापडला...

"मी ऐकलं ते चुकीचं ऐकलं का? काय ते एकदा सांगा तरी!"

बाबा खडे वेचत राहिले. खाली मान घालून. त्यांना नीट दिसत नसावं, कारण मधूनच ते चांगला हुलगाही फेकत होते.

गोजरा उठून उभी राहिली.

तिच्या मनात एक भय होतं. आजचं नव्हतं ते. पहिलं लेकरू गेलं तेव्हाच्या किंकाळ्या काळाने ऐकल्या होत्या, असं तिला वाटायचं. आवाज ऐकूनच तो पुन्हा वाट काढत आला होता. ह्या लेकरासमोर आपण तोंड उघडलं आणि त्याने ऐकलं तर? आणि नाही उघडलं तर? तर ही अशीच मोठी होणार, कठड्यावर बसणार, आणि येणारा-जाणारा ऐकून निघून जाणार.

दोन्हीकडे विहीर. मध्ये पाय ठेवायला जागा नाही.

तिने ओठ उघडले. आधी नुसती हवा आली. मग आवाज आला. फाटका, ओला, तिचा तिलाच अनोळखी.

"बाबा... ही मला आई म्हणंल का कधी?"

दाजीबाने झटकन मान वर केली. विहिरीवरचं पाखरूही मघाच गप्प झालं होतं. सुपातले हात थांबले.

बाबांनी गोजराकडे बघितलंच नाही. ते खाली, तिच्या गुडघ्यांना बिलगलेल्या धोंडीकडे बघत होते.

"मला काय विचारतेस, पोरी... ती तुझ्या तोंडाकडे बघतेय."