फणसाचा कौल

“आणि म्हणे, तुम्ही फळ असता तर कुठलं असता? हा काय नोकरीसाठी विचारायचा प्रश्न झाला, दाजी?”

दाजी गुरव गाभाऱ्यात निर्माल्य काढत होते. “मग तू काय सांगितलंस?”

“फणस. वरून काटेरी, आतून गोड.”

“आणि?”

“साहेब म्हणाले, बाई, मला प्रश्न तरी पुरा करू द्या.”

दाजी खो खो हसले. उंबऱ्याबाहेर बसलेली शलाका मात्र रडकुंडीला आली होती. दोन मुलाखती अशाच हातच्या गेल्या होत्या. तिसरी उद्या, रत्नागिरीला. तीही गेली, की मुकाट्याने काकाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

असले चक्रम प्रश्न आणि त्यांची उत्तरं तिने घोकून ठेवली होती. पण समोरचा माणूस प्रश्न विचारताना जरा थांबला, की हाताला लागेल ते उत्तर तिच्या तोंडातून निसटे.

“लहानपणी तुम्ही मला आरत्या शिकवल्यात. आता एवढंच शिकवा. बरोबर उत्तर कुठलं?”

“ते मी कशाला सांगू? देव आहे की बसलेला. कौल लावू.”

गावात कुणाचं काहीही अडलं, की दाजीच कौल लावत. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

“फणसासाठी कौल?”

“त्याला काय नवीन? परवा एकाने विचारलं, सासू परत कधी जाणार. रोज असलेच प्रश्न. देव करतो घाई? आणि काढलाय कुणी त्याला कामावरून?”

दाजींनी पाकळ्या चिकटवल्या. “आता मी गाऱ्हाणं घालतो. वाक्य संपलं की ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. संपल्यावर हं.”

हात जोडून त्यांनी आवाज लावला.

“बा देवा महाराजा! हे तुझं लेकरू शलाका, अगदीच वेंधळं...”

“व्हय महाराजा!”

“...आहे, असं जे कोण म्हणत असतील, त्यांची तोंडं बंद कर.”

शलाकाने जीभ चावली.

“ही फळ असती, तर फणस असती काय? असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे.”

तिने श्वास रोखला. वाक्य खरंच संपलं होतं.

“व्हय... महाराजा.”

पाकळ्या हलल्या नाहीत.

“दाजी...”

“थांब.”

बाहेर माडाची झावळ धप्पकन पडली. शलाका बसल्या जागी उडाली. दाजींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ते गालातल्या गालात हसले.

...

घोकलेली उत्तरं एकेक करून तिच्या डोक्यात आली, आणि शिळी होऊन गेली.

मग तिचं तिलाच हसू फुटलं.

“मी कसला डोंबलाचा फणस, दाजी? मी तेरड्याचं बोंड! नुसतं बोट लागलं तरी फट्कन फुटतं.”

“आणि मग?”

“मग काय, बिया उडतात कुठच्या कुठे. पुढच्या श्रावणात बघावं, तर बांधावर तेरडा, परसात तेरडा, विहिरीच्या भेगेतसुद्धा तेरडा! आई उपटून उपटून दमते. म्हणते, मेल्याला कुणी बोलावलं होतं? आणि गौरी आल्या की तीच म्हणते, जा गो, तेरडा आण...”

हातवारे करत ती सांगत राहिली. श्वास घ्यायला थांबली, तेव्हा तिचं लक्ष गेलं. दोन्ही पाकळ्या देवाच्या पायाशी पडल्या होत्या.

“अगोबाई! पडल्या! दाजी, आधी कुठली पडली?”

“मी कुठे बघितलं, बाय? मी तुझं ऐकत होतो.”