रकाना नसलेली सही

“आता कोणाचं काय देणं राहिलं, सर?”

डॉ. सौरव ढोमसेने नो ड्यूजचा फॉर्म टेबलावर ठेवला. ग्रंथालय, वसतिगृह, मेस... सगळीकडच्या सह्या झालेल्या. तीन वर्षांची रेसिडेन्सी संपली होती. उरली होती ती फक्त विभागप्रमुखांची, म्हणजे आमच्या खरोटे सरांची सही. मी सहाव्या वॉर्डाची सिस्टर, रजिस्टर घेऊन तिथेच उभी होते.

“आणि बॉण्डचं वर्ष? सरकारी दवाखान्यात करायचं ते?” सरांनी विचारलं.

“दंड भरून मोकळा होतोय. चेक तयार आहे. सोमवारी खाजगी हॉस्पिटलात रुजू व्हायचंय.”

“तुझ्या शिक्षणाचा खर्च कोणी केला रे?”

“सरकारने. विद्यावेतन दिलं, त्याबदल्यात मी राबलो. वर दंडही भरतोय. फिटलं की!”

काय तो तोरा! मला तर चीडच आली.

सर फॉर्म न्याहाळत राहिले...

“एक सही राहिली. सहावा वॉर्ड, खाट अकरा.”

“पेशंटची? फॉर्मवर तसा रकानाच नाही, सर.”

“नाही ना. म्हणून तर राहते.”

तो तणतणत निघाला. मीही मागोमाग गेले.

खाट अकरावर शेखलाल तांबोळी. दम्याचे जुने पेशंट, दर थंडीत भरती होणारे. मनगटाच्या धमनीतून रक्त काढायला सौरव शिकला तो त्यांच्यावरच. पहिल्या दिवशी सात वेळा टोचलं होतं. मनगट काळंनिळं झालं, तेव्हा बर्फ मीच लावला होता.

सौरव काही बोलणार, तोच चाचांनी हात पुढे केला.

“डावा घ्या, डॉक्टर. उजव्यात तुम्हाला गावत नाही.”

“चाचा, रक्त नकोय... सही हवी होती.”

“सही कुठली येतीय मला! ह्योच घ्या.”

हात तसाच पुढे...

सौरवने तो हात हलकेच पांघरुणावर ठेवला. मग फॉर्मची घडी करून त्याने खिशात घातली आणि तडक सरांच्या खोलीत गेला.

“मी जात नाही, सर. बॉण्डचं वर्ष इथेच करणार.”

आवाज पक्का होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

सरांनी मात्र शाबासकी दिली नाही.

“उद्या नवे रेसिडेंट येतायत, धमनीतून रक्त काढायला शिकायचंय त्यांना,” ते म्हणाले. “बाही दुमडून ये.”